हळू बातम्यांचा अर्धा तास

या देशात वाढदिवसाला फक्त वाढदिवस असलेल्या माणसाचं अभिनंदन करून भागत नाही. त्याच्या बायकोचं करावं लागतं, आईचं करावं लागतं, शेजाऱ्याचं करावं लागतं, आणि शेजाऱ्याकडे कुणी पाहुणा आलेला असेल तर त्याचंही. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. आपण एका टोकाला सुरुवात करायची आणि प्रत्येकाशी हात मिळवत, ‘खेफेलिसिटेर्ट’, म्हणजे अभिनंदन, असं म्हणत दुसऱ्या टोकाला पोचायचं. हे मला कळायला चार वर्षं लागली. तोपर्यंत मी ज्याचा वाढदिवस त्याला शुभेच्छा देऊन सरळ केककडे वळत असे, आणि बाकीचे लोक माझ्याकडे, वदनी कवळ म्हणायच्या आधीच घास तोंडात घातलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत.

म्हणून त्या शनिवारी मी चुकायचं नाही असं ठरवलेलं होतं. बायकोला आणायला मी तिच्या कॉलेजात गेलो होतो. पाऊस होता, त्यामुळे सायकलऐवजी गाडी. कँटीनमध्ये डोकावलो तर खुर्च्या गोल मांडलेल्या, चौदा माणसं बसलेली, मधल्या टेबलावर व्लाय. व्लाय म्हणजे आमच्या मास्ट्रिख्टकडच्या भागातला फळं घातलेला चपटा गोल केक. त्याच्याशिवाय इथे कुठलाही समारंभ होत नाही. मी रेनकोट काढला, चेहरा हसरा केला आणि डावीकडून सुरुवात केली. अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन. एका आजोबांनी हात हातात घेऊन गोंधळून ‘धन्यवाद’ म्हटलं. एका बाईंचे डोळे ओले दिसले, तर मी त्यांचा हात जरा जास्त वेळ हलवला. सातव्या खुर्चीवर माझी बायको होती. नियम म्हणजे नियम, मी तिचंही अभिनंदन केलं.

“बस खाली,” ती दातावर दात ठेवून मराठीत म्हणाली. “रेडिओ बंद होतोय.”

मी उरलेल्या सात जणांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. हात मात्र आठव्या माणसासाठी पुढे झालेला होता, तो परत घेता येईना. त्या भल्या माणसाने तो घेतला आणि विचारलं, “अभिनंदन कशाचं?”

“मला वाटलं, वाढदिवस आहे,” मी म्हणालो. “व्लाय दिसला.”

तेव्हा समोर बसलेल्या, बायकोला डच शिकवणाऱ्या बाई मोठ्याने हसल्या. गेल्या तासाभरात त्या खोलीत कुणी हसलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. “आमच्याकडे मयतालाही व्लायच असतो,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला एक तुकडा देऊ?”

मी तुकडा घेतला. नाही म्हणण्याइतकी पत शिल्लक नव्हती.

आता हा रेडिओ काय आणि माझ्या बायकोचा त्याच्याशी संबंध काय, ते सांगतो.

आमच्या गावातलं हे कॉलेज म्हणजे विद्यापीठ वगैरे नव्हे. इथे केस कापायला शिकवतात, वेल्डिंग शिकवतात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा कशी करावी ते शिकवतात, आणि बाहेरून आलेल्या आमच्यासारख्यांना डच शिकवतात. तळमजल्यावर केशरचनेच्या वर्गाला लागून कॉलेजचा स्वतःचा छोटा एफएम रेडिओ आहे. ध्वनितंत्र शिकणारी मुलंमुली तो चालवतात. शेजारच्या वर्गात एकाच वेळी आठ हेअर ड्रायर सुरू झाले की त्यांची घरघर हवेत जाते. ऐकणाऱ्यांना वाटतं, आज कॉलेजकडे फार वारा सुटलाय. डचच्या बाईंनी त्यांचा हा समज कधी दूर केला नाही.

या बाई बायकोच्या वर्गाला भाषा शिकवायच्या. सहा फूट उंच, सायकलवरून येणाऱ्या, चुकलेल्या वाक्याला कधी ‘छान प्रयत्न’ न म्हणणाऱ्या. ‘हे चूक आहे,’ म्हणायच्या आणि पुढे जायच्या. त्यांनी एक कार्यक्रम काढला होता: हळू बातम्या. दर शनिवारी सकाळी अर्धा तास त्यांच्या वर्गातले विद्यार्थी गावाच्या बातम्या वाचायचे, आपल्याला झेपेल त्या वेगाने. कुठल्या रस्त्यावर गटाराचं काम आहे, वाचनालय कधी बंद राहील, कुणाचं मांजर हरवलं. विद्यार्थ्यांचा सराव व्हावा एवढाच हेतू. पण पहिल्याच महिन्यात गावातून पत्रं यायला लागली. गावातले म्हातारे हा कार्यक्रम ऐकायला लागले होते. मोठ्या रेडिओवरची मुलं फार भरभर बोलतात, श्रवणयंत्रात सगळा काला होतो. इथे मात्र प्रत्येक शब्द सुटा सुटा, निवडलेल्या तांदळासारखा येतो, असं त्यांचं म्हणणं. तांदळाची उपमा माझी, तक्रार त्यांची.

माझी बायको पुण्यात अकरा वर्षं शाळेत मराठी शिकवायची. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, आणि शेजारच्या वर्गातल्या पहिल्या बाकापर्यंतही. माझ्या नोकरीपायी ती इकडे आली आणि तो आवाज हळूहळू कुठे गेला मला कळलंच नाही. कळायला हवं होतं. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, माझं डच सुपरमार्केटच्या काउंटरपलीकडे कधी गेलं नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. ती मात्र दुकानात माझ्या मागे उभी राहायची. मुलगी आजारी पडली की हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावून माझ्या हातात द्यायची. शाळेच्या पालकसभेत ती इतकी गप्प बसायची की मुलीच्या शिक्षिकेने मला बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या पत्नीला ऐकू कमी येतं का?”

मग वर्ग, आणि मग हळू बातम्या. पहिली बातमी वाचायच्या आदल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात दुसरा विषय नव्हता. एका हातात झारा, दुसऱ्या हातात कागद. आमची चौदा वर्षांची मुलगी टेबलावर गृहपाठ करता करता डचमध्ये दुरुस्त्या करायची. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये, फार तर इंग्रजीत.

“आई, तू गाडीतल्या नकाशाच्या बाईसारखी बोलतेस,” ती एकदा म्हणाली.

“बरं झालं. तिचं तुझे बाबा ऐकतात तरी.”

दोन वर्षं ती वाचत होती. श्रोत्यांनी पाठवलेली पोस्टकार्डं फ्रिजवर लागली. ‘तुम्ही बोलता ते मला पहिल्या फटक्यात कळतं, आभार,’ असं एकावर थरथरत्या अक्षरात होतं. “शाळेत हळू शिकवलं की पोरं झोपायची,” बायको म्हणाली, “इथे म्हातारे जागे राहतात.” आणि त्या हिवाळ्यात कधीतरी मुलीला ताप आला तेव्हा मी ऑफिसातून फोन केला, “डॉक्टरांची वेळ घेऊ का?” तर ती म्हणाली, “केव्हाच घेतली. चारला आहे. तुला यायची गरज नाही.” मी फोन ठेवला. मला इतका आनंद पगारवाढीनेही झाला नव्हता.

तर तो रेडिओ बंद होत होता. कॉलेजकडे उन्हाळ्यानंतर त्यासाठी पैसे नव्हते. खोली मिळेल, यंत्रं मिळतील, बाकीचा भार ऐकणाऱ्यांनी उचलायचा. महिनाअखेरपर्यंत गावातले तीनशे श्रोते ‘रेडिओचे मित्र’ म्हणून नाव नोंदवून वर्षाला थोडं थोडं देणार असतील तर रेडिओ चालेल, नाहीतर नाही. बाईंनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं हा प्रकार त्यांच्या भाषेतच नसावा. प्रत्येक कार्यक्रमातल्या कुणीतरी हवेवर पाच मिनिटं श्रोत्यांना आवाहन करायचं, असं ठरलं. हळू बातम्यांतर्फे बायकोने करावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

गाडीत बसल्याबरोबर ती म्हणाली, “मी वाचीन. मागणार नाही.”

“अगं, पण सगळे तुलाच ओळखतात.”

“म्हणूनच. दोन वर्षं ऐकलं बिचाऱ्यांनी माझं मोडकंतोडकं डच. आता त्याच डचमध्ये म्हणू, द्या आता पैसे? आपण या गावात पाहुणे. पाहुण्याने यजमानापुढे हात पसरायचा?”

तिचा मुद्दा मला पटला, ही माझी दुसरी चूक. तिसरी चूक म्हणजे मी म्हणालो, “मी मागतो. त्यात काय! आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी आठ वर्षं मी गोळा केलीय.”

“तू पावतीपुस्तक धरायचास,” ती म्हणाली. “मागायचा तुझा मित्र. सासूबाईंनी सांगितलंय मला.”

तरीही दुसरा कुणी नव्हता, म्हणून मी ठरलो. अर्धं पान भाषण लिहिलं. मुलीने ते तपासलं आणि त्यातले चार ‘क्षमस्व’ काढून टाकले. पाचवा मी लपवून ठेवला होता.

पुढच्या शनिवारी स्टुडिओत काचेच्या अलीकडे मी, समोर बायको, पलीकडे बाई. बायकोने मांजर, गटार आणि वाचनालय उरकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. लाल दिवा लागला. मी कागदाकडे पाहिलं. पहिलंच वाक्य होतं: ‘आम्हाला तुमच्या पैशांची गरज आहे.’ मुलीने वर जोडलेलं, स्वच्छ, डच वाक्य. मला ते म्हणता येईना. अनोळखी घरात शिरून चपला काढायच्या आत ‘पैसे द्या’ म्हणायचं? माझ्या आईने ऐकलं असतं तर ती काय म्हणाली असती?

म्हणून मी आधी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मग हवेबद्दल बोललो. मग आमचे शेजारी, ज्यांनी पहिल्या आठवड्यात आम्हाला कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते स्वतः डबा उघडून दाखवलं, त्यांचे आभार मानले. मग या गावाने आम्हाला किती प्रेमाने वागवलं ते सांगितलं, आणि ते खरंच होतं, त्यामुळे त्यात वेळ गेला. रेडिओला मित्र हवेत, असं एक वाक्य मधेच येऊन गेलं, पण ते इतकं मऊ झालं होतं की मलाही ऐकू आलं नाही. घाबरून मी पुढे म्हणालो, “पण कुणी मनाला लावून घेऊ नका. मी काही मागायला आलेलो नाही.”

काचेपलीकडे बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

घड्याळात दहा सेकंद उरले होते. निरोप घ्यायला हवा होता, आणि निरोपाचं मला एकच वाक्य येतं, जे माझे वडील फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला म्हणायचे. तेच मी डचमध्ये म्हणालो. “या एकदा घरी चहाला. सगळेच या.”

दिवा विझला, गाणं सुरू झालं.

“काय म्हणालास तू?” बायकोने विचारलं.

“म्हटलं, या चहाला.”

“किती जणांना?”

एफएमची लहर कुठवर जाते, मला माहीत नव्हतं.

फोन वाजला. बाईंनी घेतला, ऐकला, आणि दार उघडून मला विचारलं, “कुठल्या दिवशी?” पुन्हा वाजला. “किती वाजता? आणि त्यांना जिना चढता येत नाही.” पुन्हा. “बहिणीला आणलं तर चालेल का?” बाईंनी कागद घेऊन नावं लिहायला सुरुवात केली.

“बाई, तसं नाहीये ते,” मी समजावू लागलो. “आमच्याकडे निघताना असं म्हणायची पद्धत आहे. कुणी येत नाही.”

“मग म्हणता कशाला?”

“न म्हणणं बरं दिसत नाही.”

“आणि कुणी आलंच तर?”

मी विचार केला. “आलं तर आनंद होतो.”

“मग करा आनंद,” बाई म्हणाल्या आणि डायरी काढली. “महिन्याचा शेवटचा शनिवार. दोन ते चार. तुमच्या घरी मावणार नाहीत, कँटीन घेऊ. आतापर्यंत एकोणीस झालेत.” त्या संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस झाले.

घरी परतताना बायकोने गाडीचं दार जरा जास्तच जोरात आपटलं. घरात आल्यावर मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि डचमध्ये म्हणाली, “बाबा, तुम्ही इथे बारा वर्षं राहताय ना?” एवढंच. ओरडा मिळाला असता तर बरं, असं वाटलं.

पण मग बायकोने डबे खाली काढले. पुढचे दोन आठवडे आमच्या घरात चिवडा, शंकरपाळे आणि नानकटाई यांचा कारखाना चालू होता. रागात असली की तिच्या हातचं जास्त खुसखुशीत होतं, हा माझा जुना अनुभव आहे. तिच्या वर्गातल्या सीरियन बाईंनी खजुराची बिस्किटं करायचं कबूल केलं, एरिट्रियाच्या एका गृहस्थांनी कॉफी भाजून आणतो म्हणून सांगितलं. चहा माझ्याकडे. आलं, वेलदोडा, सगळं मी हौसेने आणलं. दूध मात्र घरच्या अंदाजाने आणलं.

दोनला यायला सांगितलेली एक्केचाळीस माणसं दोनला पाच कमी असताना हजर होती. त्यांचे चाकांचे आधार-वॉकर दाराबाहेर ओळीने लागले, देवळाबाहेर चपला असाव्यात तसे. त्यांना ना चिवडा बघायचा होता, ना मला. त्यांना आवाज बघायचे होते. पांढऱ्या केसांच्या दोन बहिणी माझ्या बायकोपुढे येऊन उभ्या राहिल्या. “बोला ना काहीतरी,” थोरली म्हणाली. बायको लाजली. “काय बोलू?” तिने डचमध्ये विचारलं. “हीच ती!” धाकटी ओरडली. “गटारवाली!”

दूध पहिल्या वीस जणांत संपलं. मी उरलेल्यांना कोरा चहा ‘आमची खास पद्धत’ म्हणून दिला. लोक चांगले होते, प्यायले.

साधारण तीन वाजता एक आजोबा आपल्या बायकोची चाकाची खुर्ची ढकलत माझ्या बायकोपाशी आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, टाय. खुर्चीतल्या आजींच्या चेहऱ्याची एक बाजू किंचित उतरलेली होती. आजोबांनी आधी हात मिळवला, मग सांगायला सुरुवात केली. तीन वर्षांपूर्वी आजींना झटका आला आणि बोलणं गेलं. उपचार झाले, व्यायाम झाले. शब्द एकेक करून परत येत होते, पण लोक बोलतात तेव्हा त्या शब्दांमध्ये त्यांना पाय ठेवायला जागा सापडत नसे. मग एका शनिवारी रेडिओ लागला. “तुमच्या दोन शब्दांमध्ये,” आजोबा म्हणाले, “जागा असते.” तेव्हापासून ते दर शनिवारचा अर्धा तास जुन्या टेपवर घेतात आणि आठवडाभर लावतात. आजी मागोमाग म्हणतात. “जिथे तुम्ही थांबता, तिथे ती थांबते. जिथे तुम्ही चुकता, तिथेही. हिच्या चार पिढ्या या गावात गेल्या आहेत, आणि आता ही आमच्याच गल्लीचं नाव तुमच्यासारखं म्हणते. आमचा मुलगा हसतो. मला आवडतं.”

आजींनी माझ्या बायकोचा हात धरला. ओठ जुळवायला वेळ लागला. मग हळू, पण स्पष्ट, त्या म्हणाल्या, “सुप्रभात. या आठवड्याच्या बातम्या. खे…” आणि अडकल्या. नगरपालिकेला इथे खेमेन्ते म्हणतात. गावातली प्रत्येक बातमी त्या शब्दाने सुरू होते. आजींना तो पहिल्या अक्षरापुढे नेता येईना.

बायको त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली. “खे,” ती म्हणाली. “खे,” आजी म्हणाल्या. “मेन.” “मेन.” “ते.” आजींनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी तिची पुण्यातली अकरा वर्षांची शाळा कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी तिचा एक वर्ग पाहिला.

मग आजोबा मोकळ्या मनाने माझ्याकडे वळले. “आम्हाला आधी फार काळजी वाटत होती,” ते म्हणाले. “वर्तमानपत्रात आलं होतं, रेडिओला पैसे नाहीत म्हणून. पण तुम्ही हवेवर सांगितलंत, काही मागायचं नाही, मनाला लावून घेऊ नका. म्हटलं, चला, प्रश्न सुटलेला दिसतोय.”

शेजारच्या टेबलावरच्या दोघी बहिणींनी मान डोलावली. “हो, आम्हीही ऐकलं. बरं वाटलं.”

मी बाईंकडे बघितलं. दाराजवळच्या टेबलावर त्या नाव नोंदवायच्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. गठ्ठा सकाळी होता तेवढाच होता. तीनशेला तीसेक नावं कमी होती, महिना संपत होता, आणि ज्यांनी ती भरायची ते सगळे माझ्या कृपेने निश्चिंत होऊन शंकरपाळे खात होते.

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी मिटलं.

ती उठून उभी राहिली. टेबलावर चमचा वगैरे वाजवला नाही, फक्त बोलायला लागली, आणि मागच्या कोपऱ्यातल्या माणसांनीही कप खाली ठेवले.

“माझ्या नवऱ्याने तुम्हाला चुकीचं सांगितलं,” ती डचमध्ये म्हणाली. “तो सभ्य आहे, म्हणून. प्रश्न सुटलेला नाही. तुम्ही मित्र झाला नाहीत तर उन्हाळ्यानंतर रेडिओ बंद होईल. मला बातम्या वाचायच्या आहेत. मला त्याची गरज आहे. तुम्हालाही असेल, तर कागद दाराजवळ आहेत. आज भरा. मी मागते आहे.”

यात व्याकरणाच्या दोन चुका होत्या असं मुलगी नंतर म्हणाली. तेव्हा मात्र ती माझ्या शेजारी रिकामी किटली धरून उभी होती आणि तिने दुरुस्ती केली नाही. उलट माझ्या कानाशी येऊन चक्क मराठीत म्हणाली, “बाबा, आईचा आवाज केवढा मोठा आहे!”

“हा तर अर्धा आहे,” मी म्हणालो.

सगळ्यात आधी टायवाले आजोबा पुढे झाले. खिशातून स्वतःचं पेन काढलं. मग त्या दोघी बहिणी, दोन स्वतंत्र कागद भरत, कारण एकीच्या नावावर दुसरी ऐकत बसेल हे थोरलीला मान्य नव्हतं. मग रांगच लागली. बाईंनी मला हाक मारून सांगितलं, की कागद कमी पडताहेत, वरच्या मजल्यावरून प्रती काढून आणा. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुठलाही जिना चढलेलो नाही. काहींनी शेजाऱ्यांचे, भावंडांचे कागद घेतले आणि दुसऱ्या दिवशी भरून दारातून टाकतो म्हणाले. चार वाजले तसे सगळे उठले, कारण चार म्हणजे चार. जाताना प्रत्येकाने बायकोचा हात हातात घेतला. माझाही घेतला. एका बहिणीने तर मला, कोरा चहा कसा करतात, तेही विचारलं.

साडेचारला बाईंनी आधीच्या कागदांसकट गठ्ठा मोजला. पुन्हा मोजला. मग चष्मा काढून म्हणाल्या, “तीनशे सहा.” आणि माझ्या बायकोकडे वळून, “तुमच्या तिसऱ्या वाक्यात क्रियापद चुकलं होतं.” आणि मग त्या सहा फुटी बाईंनी वाकून तिला मिठी मारली.

मी अनेकदा विचार करतो की आम्ही या गावाला काय दिलं. फारसं काही नाही: थोडा चिवडा, थोडा मसाल्याचा वास, रविवारी जरा जास्त मोठ्याने चाललेलं बोलणं. आणि त्यांनी माझ्या बायकोचे चुकलेले शब्द टेपवर जपून ठेवले, घरात म्हणून पाहिले, आपल्या तोंडात बसवले. कुणी ‘आभार माना’ म्हणालं तर मला कुठून सुरुवात करायची तेच कळणार नाही. आणि माझी सुरुवात कशी असते, ते आता गावालाही ठाऊक आहे.

रिकामे डबे गाडीत भरून आम्ही निघालो. मुलगी मागच्या सीटवर कानात गाणी घालून बसली होती. बायकोच्या मांडीवर पुढच्या शनिवारच्या बातम्यांचे कागद होते, बाईंनी निघताना दिलेले. मी एक सिग्नल थांबलो, दुसरा थांबलो. वाटलं, ती काहीतरी म्हणेल. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, “एका अर्थी बघितलं तर, मी चहाला बोलावलं नसतं, तर हे लोक आलेच नसते ना?”

तिने वर बघितलं नाही. पेन्सिलीने कागदावर एका शब्दाखाली रेघ ओढली, मग पुढच्या ओळीत आणखी एक.

“खेमेन्ते पाच वेळा आलंय,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी आधी जरा थांबीन मी. आजींना पोचायला वेळ लागतो.”